तुमचं पूर्ण नाव सांगा

सिंगापूरच्या नर्सिंग लायसन्सच्या प्रॅक्टिकलमध्ये मी पहिल्यांदा नापास झाले, ती एका म्हातारीचा हात प्रेमाने हातात घेतला म्हणून. हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या वेळा म्हटलं की शेवटी नवऱ्याने माझ्यापुढे हात जोडले. मला मात्र ते पुन्हा पुन्हा म्हणावंसं वाटत होतं. दर वेळी म्हटलं की राग ताजा व्हायचा, आणि राग ताजा असला की मला रडू येत नाही.

थोडं मागचं सांगते. सातारा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी तीन वर्षं नर्सिंग शिकले आणि पुढे पाच वर्षं तिथल्याच बायकांच्या वॉर्डात काम केलं. खाटा कमी, बायका जास्त आणि ड्यूटीवर आम्ही दोघीच. सलाइन लावणं हा माझ्या डाव्या हातचा मळ होता. डॉक्टरांना न सापडणाऱ्या शिरा मला सापडायच्या आणि याचा मला भरपूर गर्व होता. मग लग्न झालं. नवरा चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या आयटीत, म्हणून मीही सिंगापूरला आले. इथे माझं सर्टिफिकेट चालेना. चार वर्षं मी बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकाचे प्रयोग केले आणि नवऱ्याचं पोट सुटण्यापलीकडे त्यातून काही निष्पन्न झालं नाही. शेवटी घराजवळच्याच एका नर्सिंग होममध्ये केअर असिस्टंट म्हणून लागले.

केअर असिस्टंटने म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची, डायपर बदलायचं. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. पण औषधाच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही, असा नियम. एखाद्या आजोबांचं डोकं दुखलं तर साधी पॅरासिटामॉल द्यायलासुद्धा सिस्टरला हाक मारावी लागायची. ती येऊन गोळी देणार आणि मी शेजारी पाण्याचा ग्लास धरून उभी राहणार. त्यातली एक सिस्टर तर तेवीस वर्षांची होती. माझे हात नुसते शिवशिवायचे.

होममधल्या मोठ्या सिस्टर मलय होत्या. डोक्याला घट्ट हिजाब, पायात रबरी बूट आणि नजर अशी की उशीचा अभ्रा उलटा घातलेला त्यांना दारातून दिसायचा. त्यांनीच मला लायसन्सचा अर्ज भरायला लावला. लेखी परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले. प्रॅक्टिकलचं तर मला काहीच वाटत नव्हतं. पाच वर्षं वॉर्ड चालवलेल्या बाईला कोण काय शिकवणार?

तर प्रॅक्टिकल अशी असते. ओळीने छोट्या खोल्या. प्रत्येक खोलीत एक काम, एक परीक्षक आणि मोजून काही मिनिटं. घंटा झाली की पुढच्या खोलीत जायचं. औषध देण्याच्या खोलीत पलंगावर एक चिनी आजी होत्या. खऱ्या पेशंट नव्हेत, पेशंटचं काम करायला आणलेल्या. पांढरे स्वच्छ केस, गालावर खळी. माझ्या हातातल्या चार्टवर एक नाव होतं. मी हसून ते नाव घेतलं आणि विचारलं, आंटी, तुम्ही याच ना? त्यांनी हसून मान हलवली. मी त्यांचा हात हातात घेतला, पाठ थोपटली, गोळी दिली, पाणी पाजलं. बाहेर पडताना मला वाटलं, या खोलीत तरी माझे मार्क कुणी कापू शकत नाही.

पत्र आलं तेव्हा त्यात नेमकी तीच खोली होती. औषध देण्यापूर्वी पेशंटची ओळख पटवली नाही. त्या आजी चार्टवरच्या बाई नव्हत्याच. त्यांच्या मनगटाच्या पट्टीवर वेगळंच नाव छापलं होतं, आणि मी प्रेमाने हात धरला तेव्हा माझा अंगठा नेमका त्या पट्टीवर होता. बाकीच्या सगळ्या खोल्यांत मी पास होते, पण ही एक चूक झाली की बाकीचं कुणी बघत नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी मोठ्या सिस्टरना गाठलं आणि सांगितलं की हा शुद्ध फसवणुकीचा प्रकार आहे. मी विचारलं होतं, ती बाई हो म्हणाली होती. सिस्टरनी मला पूर्ण बोलू दिलं. बिस्किट चहात बुडवलं, खाल्लं आणि मग म्हणाल्या, "दे ऑल से यस, लाह. ऐकू आलं नाही तरी यस. तू दमलेली दिसलीस तरी यस. तू नाव सांगायचं नाही. नाव तिच्या तोंडून यायला पाहिजे."

मला हे कळलं नव्हतं अशातला भाग नाही. पुस्तकात पहिल्याच पानावर होतं. पण पुस्तकातलं वाक्य माझ्या जिभेवर येईना, आणि ते का येईना हे मला बसमध्ये बसल्यावर उमगलं. आमच्या साताऱ्याच्या वॉर्डात मी पाच वर्षांत एकाही म्हाताऱ्या बाईला तिचं नाव विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती. खाटेशेजारी चटईवर सून नाहीतर लेक बसलेली असायची. तिला विचारायचं, पेशंटचं नाव काय? ती सांगणार. पेशंटशी बोलायचं ते, काय आजी, भूक लागली का, काय मावशी, आज बरं वाटतंय ना. आजीच्या वयाच्या बाईकडे बघून, तुझं नाव काय गं, असं विचारणं म्हणजे उद्धटपणाच. इथल्या परीक्षेच्या खोलीत चटई नव्हती आणि सूनही नव्हती. म्हणून मग मी स्वतःच सून झाले आणि नाव सांगून मोकळी झाले.

पुन्हा बसायची संधी तीन महिन्यांनी होती. होममध्ये नर्सची एक जागा रिकामी होत होती. मोठ्या सिस्टरनी वर भांडून ती माझ्यासाठी दुसऱ्या निकालापर्यंत धरून ठेवली. त्यानंतर मात्र ज्या कुणाकडे लायसन्स असेल तिला ती देणार, हेही त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर एवढंही थांबले नसते.

नवऱ्याने घरी आल्या आल्या एक्सेल शीट काढली. त्याच्या मते ही सरळसरळ प्रोसेसची चूक होती आणि प्रोसेसची चूक प्रॅक्टिसने जाते. प्रत्येक पायरीला एक चौकोन, पाळली तर हिरवा, चुकली तर लाल. शनिवारी तो पेशंट म्हणून सोफ्यावर आडवा झाला. मी त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं, मी औषध दिलं, सगळे चौकोन हिरवे. पंधरा मिनिटांत झोपलाही. याचा काही उपयोग नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. नवऱ्याला नाव विचारायला मला कसली आलीय लाज? कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मीच तर ते पहिल्यांदा विचारलं होतं.

तेवढ्यात मला सासूबाई दिसल्या. त्या वाईजवळच्या गावातून व्हिजिट पासवर आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि अकराव्या मजल्यावर त्यांना अजिबात करमत नव्हतं. दुपारभर खिडकीत बसून खालून जाणारी एलआरटी, म्हणजे इथली छोटी लोकल, बघायच्या. तिला ड्रायव्हर नाही हे कळल्यापासून त्यांनी तिच्यात बसायचं सोडलं होतं. मी म्हटलं, आई, मला पेशंट पाहिजे.

"मला काय करावं लागेल?"

"आडवं पडायचं."

"एवढंच ना? जमेल की."

सोमवारी सकाळची ड्यूटी करून मी तीनला घरी आले. चार वाजता चहा झाला आणि दिवाणावर पहिली परीक्षा बसली. कागदाची पट्टी कापून, त्यावर सासूबाईंचं पूर्ण नाव लिहून मी ती सेलोटेपने त्यांच्या मनगटाला चिकटवली. बांगड्यांच्या वर. वाटीत औषधं मांडली. मुगाची डाळ म्हणजे रक्तदाबाची गोळी, फुटाण्याचं डाळं म्हणजे साखरेची. चार्ट म्हणून वाण्याकडच्या यादीची पाठकोरी बाजू. दार उघडून आत आल्यासारखं केलं, हात धुतल्यासारखं केलं, गुड मॉर्निंग म्हटलं आणि पुढे माझी बोबडी वळली.

सात वर्षं मी त्या बाईला आई म्हणत होते. घरात त्यांच्या नावाने त्यांना कुणीच हाक मारत नव्हतं. सासरे अगं म्हणायचे, पोरं आई म्हणायची, गाव काकू म्हणायचं. पत्रिकेवर नाव असायचं तेवढंच. आणि आता मी, सून, त्यांच्या समोर उभी राहून विचारणार, तुमचं नाव काय? मला हसू फुटलं. पदर नव्हता म्हणून मी तोंडावर चार्ट धरला. सासूबाई छताकडे बघत गंभीरपणे म्हणाल्या, "विसरलीस?"

पाचव्या प्रयत्नाला ते वाक्य इंग्रजीत बाहेर पडलं. मॅडम, प्लीज टेल मी युवर फुल नेम. घाम फुटला मला. सासूबाईंनी पहिलं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं आणि मध्ये नुसता घसा खाकरला. मी मधलं नाव विचारलं. त्या म्हणाल्या, तुला माहीत आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे, नर्सला नाही. त्या म्हणाल्या, मग नर्सला म्हणावं पट्टी वाच, यांचं नाव मी आजवर घेतलं नाही आणि डाळीच्या दाण्यासाठी घेणार नाही.

त्या दिवशी औषध द्यायचं राहूनच गेलं. पण मी आतून इतकी खूश होते की सांगता येत नाही. नवऱ्यासमोर सगळे चौकोन हिरवे होते तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. इथे एकही हिरवा नव्हता, आणि तरी मला कळत होतं की बरोबर माणूस सापडलं. ही बाई माझी सगळ्यांत अवघड पेशंट होती. हिला विचारता आलं की सिंगापुरात कुणालाही विचारता येईल.

मधल्या नावाचा तोडगा सासूबाईंनीच तिसऱ्या दिवशी काढला. पेशंट बोलतोय, मी नाही, असं स्वतःशी म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि सासऱ्यांचं नाव एका दमात म्हणून टाकलं. मग एक डोळा उघडून फोनकडे बघितलं, सासऱ्यांना गावाकडे ऐकू गेलं की काय म्हणून. मी पट्टी बघितली, चार्ट बघितला, जन्मतारीख विचारली. ती त्यांनी एक जून सांगितली. गावच्या मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांना तीच तारीख लावली होती, हेही सांगितलं. पासपोर्टवर तीच आहे, मी ती बरोबर धरली. मग डाळं तळहातावर ठेवलं. त्यांनी ते कुडुमकुडुम चावून खाल्लं आणि अजून चार मागितले.

खरी गंमत आठवडाभराने झाली. मी नेहमीप्रमाणे पूर्ण नाव विचारलं आणि सासूबाईंनी एक भलतंच नाव सांगितलं. पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनावही वेगळं. मला वाटलं त्या चेष्टा करतायत. मी म्हटलं, आई, असं नाही, नीट सांगा. त्या म्हणाल्या, नीटच सांगितलं, हे माझंच आहे.

त्यांचं माहेरचं नाव होतं ते. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं तिथेच संपलं. मला त्यांची आई, भाऊ, गावची शाळा, सगळं ठाऊक होतं. शाळेच्या विहिरीत त्या एकदा पडल्या होत्या तेही ठाऊक होतं. हे नाव मात्र सात वर्षांत माझ्या कानावर आलं नव्हतं. आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

"आता औषध देणार का?" त्यांनी विचारलं.

"नाही देता येणार. पट्टीवर हे नाव नाही."

"पण मी तीच आहे."

"असाल. मला कसं कळणार?"

त्यांनी मनगटावरची पट्टी उलटसुलट करून बघितली आणि समाधानाने मान डोलावली. म्हणाल्या, बरोबर आहे, नाही द्यायचं. त्या सिंगापुरात आल्यापासून त्यांना एवढं खूश झालेलं मी पहिल्यांदा बघितलं. मला फार बरं वाटलं, आणि थोडी माझी मलाच लाज वाटली.

तिथून पुढे सासूबाई माझ्या हाताबाहेर गेल्या. रोज चारच्या ठोक्याला स्वतःच दिवाणावर आडव्या व्हायच्या आणि आज कोण व्हायचं ते चहा पितानाच ठरवून ठेवायच्या. कधी माहेरचं नाव, कधी सासरचं, कधी नाव बरोबर आणि जन्मतारीख चुकीची. कधी बहिऱ्या व्हायच्या, कधी झोपेचं सोंग घ्यायच्या. एकदा नुसत्याच रडायला लागल्या आणि मी घाबरून समजूत काढायला बसले, तर डोळे पुसून म्हणाल्या, गेली तुझी पाच मिनिटं. नवऱ्याने त्यांच्यासाठी एक्सेलमध्ये वेगळा रकाना केला. संध्याकाळी तो दीड तासाचा प्रवास करून घरात शिरला की चपला काढायच्या आधी विचारायचा, आज कोण जिंकलं?

एका गुरुवारी त्या जिंकल्या. मी दमून आले होते, दुसऱ्या दिवशी चिनी नववर्षाची सुट्टी, होममध्ये सगळीकडे संत्र्यांच्या राशी. डोक्यात तेच चाललेलं. मी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, माझ्या कानाला आडनाव ओळखीचं लागलं, मी पट्टीकडे बघितल्यासारखं केलं आणि डाळ हातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, डोळे मिटले, हात पोटावर ठेवले.

"गेले मी," त्या म्हणाल्या. "जाऊबाईंचं नाव सांगितलं होतं. आता माझ्या मुलाला काय सांगशील?"

आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. पण रात्री भांडी लावताना ती वाटी माझ्या हातात आली. ती मुगाची डाळ होती. ट्रॉलीत डाळ नसते. साताऱ्याच्या वॉर्डात मी किती वेळा अशीच ओळखीच्या आडनावावर पुढे गेले असेन, आणि नशिबाने काही झालं नाही म्हणून मी स्वतःला हुशार समजत असेन. तोपर्यंत माझा राग परीक्षकावर होता. त्या दिवशी तो गेला. राग गेला आणि मला परीक्षेची खरोखर घाई झाली, सहलीच्या आदल्या दिवशी पोरांना होते तशी.

शेवटचे पंधरा दिवस मी होममधून येताना एलआरटीत उभ्या उभ्या पायऱ्या पुटपुटायचे. शेजारचे लोक सरकून जागा द्यायचे. सुट्टीची उरलेली संत्री घरी आणून त्यांना इंजेक्शनं दिली. मीठ-पाण्याने फुगलेली संत्री नवऱ्याने नकळत खाल्ली आणि दिवसभर ऑफिसमध्ये पाणी पीत बसला. सासूबाईंना इतकं इंग्रजी आलं की लिफ्टमध्ये शेजारची चिनी बाई भेटली तर त्या तिला गुड मॉर्निंगनंतर थेट फुल नेमच विचारायच्या. तीही बिचारी सांगायची.

परीक्षेच्या सकाळी मी सहालाच तयार होते. सासूबाईंनी हातावर दही-साखर ठेवली आणि म्हणाल्या, कुणावर विश्वास ठेवू नकोस. मुलाला असा आशीर्वाद त्यांनी कधी दिला नसेल.

बाहेरच्या खोलीत आम्ही पंधरा-वीस जणी होतो. केरळच्या, फिलिपिन्सच्या, म्यानमारच्या. सगळ्यांचे ओठ हलत होते. एक मुलगी डोळे मिटून हवेतच हात धूत होती. मला इतका आनंद झाला होता की मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि ती दचकून किंचाळली. घंटा झाली. पहिल्या खोलीत थर्मामीटर माझ्या हातून पडला. मी तो उचलला नाही, दुसरा मागितला. पुढच्या खोलीत जखमेचं ड्रेसिंग छान जमलं. तिसऱ्या खोलीत पलंगावर एक आजोबा होते आणि ट्रॉली होती.

मी हात धुतले, पडदा ओढला. "अंकल, प्लीज टेल मी युवर फुल नेम." वाक्य असं सहज निघालं की मला स्वतःलाच मजा वाटली. त्यांनी नाव सांगितलं. पट्टीवर तेच होतं, चार्टवर तेच. मी जन्मतारीख विचारली. त्यांनी दिवस सांगितला, महिना सांगितला, वर्ष सांगितलं. दिवस जुळला, महिना जुळला, वर्ष जुळेना. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि माझ्याकडे बघून गोड हसले. परीक्षक पेन धरून थांबली होती.

मला दिवाणावर डोळे मिटून पडलेल्या सासूबाई दिसत होत्या. मी गोळीचा पेला ट्रॉलीत परत ठेवला. आजोबांना सांगितलं की मला तुमची माहिती पुन्हा तपासून घ्यावी लागेल, थोडं थांबा. परीक्षकाकडे वळून म्हटलं की जन्मतारीख जुळत नाही, मी औषध देत नाही, वरिष्ठ नर्सला कळवते. तिने मान वर न करता काहीतरी लिहिलं. आजोबा मात्र हिरमुसले. बहुधा त्या दिवशी सकाळपासून त्यांना गोळ्या म्हणून पेपरमिंट मिळत असणार.

निकाल ईमेलने आला. होममध्ये वॉर्डात फोन काढायचा नाही, म्हणून दुपारी पॅन्ट्रीत जाऊन उघडला. पास हा शब्द मी चारदा वाचला. मग पळत मोठ्या सिस्टरकडे गेले. त्या एका आजींच्या पायाचं ड्रेसिंग करत होत्या. मी बोलायच्या आधीच त्यांनी माझ्याकडे बघितलं, गुड म्हणाल्या आणि मला कात्री धरायला लावली. घरी फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, थांब, देवापुढे साखर ठेवते. आणि फोन तसाच ठेवून गेल्या. पाच मिनिटं मी देवघरातली घंटा ऐकत उभी होते. संध्याकाळी त्यांनी मजल्यावरच्या प्रत्येक दारात जाऊन मराठीत बातमी सांगितली आणि पेढे नव्हते म्हणून बेसनाचे लाडू वाटले. महिन्याच्या शेवटी त्या गावी गेल्या. विमानतळावर चेक-इनच्या मुलीने नाव विचारलं तेव्हा मुलगा उत्तर द्यायला पुढे झाला. त्यांनी त्याला हाताने मागे सारलं आणि मधल्या नावासकट स्वतः सांगितलं.

लायसन्स हातात पडल्यावर मला नर्सचा गणवेश मिळाला आणि एका मंगळवारी सकाळी औषधाची ट्रॉली माझ्या ताब्यात आली. ती ढकलताना मी इतकी ताठ चालत होते की एक चाक अडखळतंय हेही मला कळलं नाही. पहिली खाट खिडकीजवळची होती. त्यावरच्या आजींना मी जवळजवळ वर्षभर रोज सकाळी पेज भरवत होते. सगळे त्यांना आह-मा म्हणायचे, म्हणजे आजी. मीही तेच म्हणायचे. त्यांना पेज जरा पातळ लागते, उजव्या कुशीवर झोप येत नाही, आंघोळीला पाणी कढत लागतं, सगळं मला पाठ होतं.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले, हसले आणि पूर्ण नाव विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नवा गणवेश बघितला, ट्रॉली बघितली, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"वन इयर यू फीड मी," त्या म्हणाल्या. "माय नेम ऑल्सो यू डोन्ट नो, आह?"

मला सांगता आलं असतं की हा नियम आहे, सगळ्यांनाच विचारावं लागतं, माहीत असलं तरी. तोंडाशी आलंही होतं. पण ते खरं नव्हतं. त्यांचं नाव मी त्या सकाळी ट्रॉलीवरच्या चार्टमध्ये पहिल्यांदा वाचलं होतं.

"नो, आह-मा," मी म्हटलं. "आय डोन्ट नो. प्लीज टेल मी."

त्यांनी कपाटावरच्या पेल्यातली कवळी मागितली. ती बसवली, उशीला टेकून सरळ झाल्या आणि आडनावापासून सुरुवात करून आपलं नाव सांगितलं. सावकाश, मोठ्याने, पलीकडच्या खाटेला ऐकू जाईल असं. मग जन्मतारीख सांगितली. पट्टी आणि चार्ट, सगळं जुळलं. मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली.

"नाऊ यू से."

मी ते नाव म्हटलं. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा स्वतः म्हणून दाखवलं. मी पुन्हा म्हटलं, तेही चुकलं. मागे वीस खाटा थांबल्या होत्या आणि मोठ्या सिस्टर दारात उभ्या राहून घड्याळ बघत होत्या. तिसऱ्या वेळी मला ते जमलं. त्यांनी मूठ उघडली आणि गोळी तोंडात टाकली.